चढणीचा कॅमशाफ्ट

आषाढ सरत आला आणि बसवाला चढण झेपेनाशी झाली.

बसवा म्हणजे बोरतळच्या मलप्पाची तीनचाकी गाडी. पुढं एक चाक, बैलाच्या शिंगांसारखं हँडल, मागं माल घालायचा पत्र्याचा हौदा. जड ओझं नंदीसारखं मुकाट वाहते म्हणून वाडीनंच तिला बसवा, म्हणजे नंदी, हे नाव दिलं होतं. अहमदपूरच्या डांबरी रस्त्यावरून खाली उतरलं की बालाघाटाच्या घळीत तीस-पस्तीस उंबऱ्यांचं बोरतळ. वाट अडीच किलोमीटरची. आधी काळ्या रानातली चाकोरी, मग ओढा, आणि ओढ्यापासून डांबरापर्यंत गवळणीची चढण. चढणीच्या वळणाला एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरड. तिथं ट्रॅक्टरची ट्रॉली वळत नव्हती, पिकअप चिखलात बसत होत्या. पावसाळ्याचे चार महिने वाडीचं दूध वर न्यायला एक बसवाच होता.

बसवा हाकत होती जगदेवी. मलप्पाची बायको. तीन वर्षांमागं मलप्पाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, हात लुळा पडला, पाय ओढावा लागायचा. त्या वेळी पंधरा दिवस गाडी अंगणात उभी होती. सोळाव्या दिवशी जगदेवीनं पदर खोचला, इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली. आधी वाडी हसली. पुढच्या पावसाळ्यात तीच माणसं सकाळी साडेपाचला किटल्या घेऊन तिच्या दारात उभी राहायला लागली.

त्या दिवशी हौद्यात नऊ किटल्या होत्या. ओढा ओलांडला, चढण लागली आणि वळणाच्या अलीकडंच इंजिनातून टकटक यायला लागली. जगदेवीनं मूठ पिळली. काळा धूर निघाला, गाडी दोन हात पुढं गेली, खोकली आणि मागं सरकायला लागली.

"दगड लाव, दगड!" ती ओरडली.

शेजारची सून शिवकन्या मागून चालत होती. तिनं चाकाखाली दगड सरकवला. दोघींनी किटल्या उतरवल्या, एकेक डोक्यावर घेऊन वर नेली. वर पोचल्या तेव्हा सव्वासात झाले होते. दूध न्यायला येणारा टेम्पोवाला खाली उतरून तंबाखू मळत उभा होता.

"जगदेवाक्का, हे तिसऱ्यांदा झालं," तो म्हणाला. "माझ्या मागं अजून अकरा गावं हायती. वरनं सांगणं आलंय, सातला दूध न्हाई तर थांबा बंद. श्रावण लागायच्या आत गाडी नीट करा, न्हाईतर मी हितं उभा राहत न्हाई."

"करते की ओ. करून घेते."

"बाईमाणसाच्या हातानं इंजिन असंच जायचं," असं तो ड्रायव्हरच्या जागेवर चढता चढता म्हणाला. हळू म्हणाला, पण ऐकू जाईल इतपत.

जगदेवीनं ते ऐकून घेतलं. किटली उचलून तिची मान अवघडली होती, वळवायची म्हटलं तरी वळत नव्हती.

अहमदपूरचे खाजामिया मिस्त्री तिसऱ्या दिवशी आले. बसवा नवा होता तेव्हापासून त्याच्या अंगाला याच माणसाचा हात. मोटारसायकल डांबरावर ठेवून हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते चिखलातून चालत आले, पाय धुतले, मलप्पाच्या बाजेवर टेकून चहा घेतला आणि कामाला लागले. आधी इंजिनातलं ऑइल थाळीत काढलं. उन्हात धरलं तर त्यात चांदीची भुकटी विरघळावी तशी चकाकी दिसत होती.

"लोखंड खाऊन राहिलंय, वैनी," ते म्हणाले.

दुपारपर्यंत त्यांनी कॅमशाफ्ट बाहेर ओढला. हातभरही नसलेला तो दांडा, त्याच्या एका टोकाला दातेरी चाक आणि मधे अंड्यासारखे उंचवटे. मिस्त्री त्यांना नाक म्हणत. नाक फिरतं, वरच्या टॅपेटला ढकलतं, व्हॉल्व उघडतो. हवा आत येते, धूर बाहेर जातो. जगदेवीनं बोट फिरवून बघितलं. एक नाक ठीक होतं. दुसरं पार चपटं झालं होतं, म्हाताऱ्याच्या दाढेसारखं.

"वेल्डिंग करून भरून घेतलं तर?"

"पंधरा दिवस चालंल. वर कडक करायला दिलेलं पाणी उतरलंय त्याचं, भरलेलं टिकायचं न्हाई. दुसरा शाफ्टच पायजे. अन् कंपनीनं हे इंजिन बंद करून जमाना झाला." मिस्त्रींनी पिशवीतून एक छोटी कानस काढून तिच्या हातात दिली. "हे ठेवा. शाफ्ट दाखवला की नाकावर हळूच फिरवा. कानस घसरली तर माल कडक. चावली तर खोटा. दुकानदार कितीबी बोलू दे, कानस खोटं बोलत न्हाई."

मलप्पा बाजेवरून बघत होता. "मी जातो," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत. उठायला म्हणून त्यानं चांगल्या हातानं बाजेची कड धरली, सोडली.

जगदेवीनं जुना शाफ्ट लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी धरली.

लातुरात औसा रोडच्या बाजूला तिला चार दुकानं फिरावी लागली. पाचव्यात मिळाला. नवाकोरा, आरशासारखा चकाकणारा. काउंटरवरच्या पोरसवदा माणसानं तो तिच्यापुढं आपटला आणि फोनवर बोलत राहिला. जगदेवीनं दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवले. चाकाचे दात मोजले, एकदा, दोनदा. लांबी वितीनं मोजली. सगळं जुळलं. मग तिनं पिशवीतनं कानस काढली.

"ओ मावशी! काय करून राहिलाव?"

"बघून राहिले."

"नवीन माल हाय तो. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? घरचं कुणी गडीमाणूस न्हाई का? त्यांना पाठवा की."

दुकानातली तीन-चार माणसं वळून बघायला लागली. जगदेवीच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. तरी तिनं कानस नाकावर ठेवली आणि ओढली. कर्रर्र आवाज झाला. आरशासारख्या नाकावर नखानं ओरबाडावी तशी रेघ उठली आणि काउंटरच्या काचेवर बारीक चुरा पडला.

तिनं चुऱ्याकडं बोट दाखवलं, कानस पुसली, आपला शाफ्ट फडक्यात बांधला. पायऱ्या उतरताना मागून तो माणूस काहीतरी बोलत होता. स्टँडवर येऊन तिनं पाण्याची अर्धी बाटली एका दमात संपवली.

त्याच संध्याकाळी संगमेशचा फोन आला. पोरगा पुण्यात नोकरीला होता. "आई, भंगारात घाल ती गाडी आता," तो म्हणाला. ती म्हणाली, "बघू," आणि जेवलास का म्हणून विचारलं.

उदगीरला गेली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. श्रीशैल नावाच्या दुकानदाराचं नाव खाजामियांनी दिलं होतं. त्याच्या वडलांच्या वेळेपासूनचं स्पेअरचं दुकान. पुढं काच लावलेली, मागं मात्र तीच जुनी माळवदाची कोठी. श्रीशैलनं फडक्यातला शाफ्ट हातात घेतला, वजन केल्यासारखा वर-खाली केला.

"बसा अक्का. हे आप्पांच्या वेळचं काम हाय."

शिडी लावून तो माळ्यावर चढला. अर्धा तास वरून धूळ पडत होती. उतरला तेव्हा त्याच्या हातात मेणकागदात गुंडाळलेलं लांबट पुडकं होतं. दोरा सोडला, कागद उलगडला, आणि आतल्या ग्रीसचा वास जगदेवीच्या नाकात शिरला.

तो वास तिला ओळखीचा होता. बसवा आणला त्या दिवशी त्याला हाच वास होता. अठ्ठावीस वर्षं झाली असतील. लातुरात गाडी ताब्यात घेतली, चाकाखाली लिंबू ठेवलं, सहा महिन्यांच्या संगमेशला मांडीवर घेऊन ती मागच्या हौद्यात पोत्यावर बसली. मलप्पा तेव्हा ताठ, केसांना तेल लावलेला. चाकूर गेल्यावर त्यानं मूठ पिळली आणि एसटीला मागं टाकलं. एसटीतली पोरं खिडकीतून ओरडत होती. मलप्पानं मागं वळून तिच्याकडं बघितलं आणि हसला. लग्नाला चार वर्षं झाली होती; पण माणसांत तो तिच्याकडं बघून तसा पहिल्यांदाच हसला होता.

पुढं कितीतरी वर्षं त्यानं डांबरावर प्रवाशांच्या फेऱ्या मारल्या. अहमदपूर, शिरूर ताजबंद, कधी उदगीर. सांजच्याला गाडी चढण उतरायला लागली की इंजिनाचा खणखणीत, उंच आवाज घळीत घुमायचा. तो ऐकला की जगदेवी तवा चुलीवर ठेवायची. पहिली भाकरी फुगायची आणि गाडी अंगणात शिरायची. कधी चुकलं नाही.

"कंपनीचा अस्सल," श्रीशैल म्हणाला. "नाक बघा, कसं उंच अन् भरदार हाय. तुमच्या जुन्याचा सख्खा भाऊ."

जगदेवीनं विचारून कानस फिरवली. ती बर्फावरून घसरावी तशी घसरली.

"पण एक सांगतो," श्रीशैल म्हणाला, "हा एकच हाय. अन् हा पळायच्या गाडीचा हाय. तुम्ही आता कुठं चालवता?"

"चढणीवर. दूध घेऊन."

तो जरा थांबला. "मग नांदेडात एकदा बघा. भागवत म्हणून हाय, देगलूर नाक्याच्या पुढं, जुन्या इंजिनांचं काम करतो. शेतीकामाला लावायच्या ह्याच इंजिनाचा शाफ्ट असायचा त्याच्याकडं. मी हा आठ दिवस ठेवतो. न्हाई, ठेवतो कशाला, घेऊनच जावा. लागला तर राहू द्या, न्हाईतर मिस्त्रीच्या हातानं परत धाडा."

"पैसे?"

"आप्पांच्या दुकानाला मलप्पाशेट वीस वर्षं येत होते, अक्का. हा मेणकागद तेवढा जपा."

नांदेडला भागवतच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनांचे सांगाडे रचून ठेवले होते. पावसाचं पाणी पत्र्यावरून दोरीसारखं गळत होतं. भागवत काळवंडलेला, बुटका माणूस. त्यानं तिला गडीमाणूस कुठं म्हणून विचारलं नाही.

"वाट कसली हाय?" त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं. "डांबर, मुरूम का चिखल?"

"चिखल. मग चढण."

"ओझं?"

"नऊ किटल्या. वर दोन-तीन माणसं."

"चढणीला पहिल्या गेरात थांबावं लागतं का मधी?"

"वळणाला लागतंच. तिथंच दम सोडतंय."

भागवत आत गेला आणि कळकटलेला एक शाफ्ट घेऊन आला. रॉकेलमध्ये धुतला, फडक्यानं पुसला. वापरलेला होता, पण नाकं गुळगुळीत, अंगावर चरा नाही. मात्र ती ठेंगणी होती, कुशीत बारीक.

"हे बघा अक्का. उंच, रुंद नाकाचा शाफ्ट व्हॉल्व जास्त वेळ उघडा ठेवतो. पळताना इंजिनाला दम मिळतो, गाडी उडते. पण हळू चालताना आत घेतलेली हवा तिथूनच परत पळते. मग चढणीला हाफतं. हा ठेंगणा लवकर दार लावून घेतो. गाडी पळायची न्हाई. डांबरावर सायकलवाला मागं टाकंल. पण चिखलात पाय रोवून उभी राहील."

"आवाज?"

भागवतनं तिच्याकडं बघितलं. असा प्रश्न त्याला कुणी केला नसावा.

"आवाज बदलंल," तो म्हणाला. "खालचा होईल. जड."

तिनं कानस फिरवली. घसरली.

घरी तिनं दोन्ही शाफ्ट मलप्पाच्या बाजेवर ठेवले. मलप्पानं नांदेडच्या शाफ्टकडं बघितलंसुद्धा नाही. मेणकागदाचं पुडकं मांडीवर घेतलं, एका हातानं आणि दातानं दोरा सोडला. कागदाला नाक लावलं. डोळे मिटले. नंतर अंगठा शाफ्टच्या नाकावरून सावकाश फिरवला, पोराच्या टाळूवरून फिरवावा तसा.

"हाच," तो म्हणाला.

जगदेवी खाली बसली. भागवतनं सांगितलं ते सगळं तिनं सांगितलं. मलप्पा ऐकत होता की नाही कळत नव्हतं.

"गाडीचा आवाज जाईल, जगू," तो म्हणाला. जगू ही हाक त्यानं कितीतरी दिवसांत मारली नव्हती.

"ठावं हाय मला."

"आवाज गेला तर ती माझी गाडी ऱ्हाते का?"

जगदेवीला सांगायचं होतं की तो आवाज मलाबी पायजे. तुम्ही नुसते पडून असता तेव्हा मी चढण उतरताना मुद्दाम मूठ पिळते, तुमच्या कानावर जावा म्हणून. पण तिच्या डोळ्यांपुढं शिवकन्या आली. डोक्यावर किटली, पोटात पाचवा महिना, चिखलात रुतलेला पाय. आठवडाभर ती आणि वाडीतल्या बाया तसंच दूध चढवत होत्या.

"हा नांदेडचा बसवायचा," ती म्हणाली.

"गाडी माझी हाय."

"हाव. तुमचीच हाय. पण हाकते मी."

बोलून गेली आणि तिला स्वतःलाच ते लागलं. मलप्पाचा चेहरा हलला नाही. त्यानं शाफ्ट खाली ठेवला, चांगल्या हातानं लुळा हात उचलून पोटावर घेतला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. दुपारी ताट नेलं तेव्हा म्हणाला, "भूक न्हाई." खाजामियांना फोन करून तिनं शाफ्ट ठरल्याचं सांगितलं, तेव्हाही तो तसाच होता.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. त्यांनी दोन्ही शाफ्ट बघितले, भिंतीकडं तोंड करून निजलेल्या मलप्पाच्या पाठीकडं बघितलं आणि नांदेडचा उचलला.

"टॅपेट नवे आणलेत. नव्या शाफ्टला जुने टॅपेट नक्को, खाऊन टाकतात."

अंगणात पत्रा उभा करून आडोसा केला होता. शाफ्ट आत सारताना टॅपेट खाली घसरून वाटेत येत. ते वर धरून ठेवायला तिसरा हात लागे. जगदेवी गुडघ्यावर बसली, दोन बोटं इंजिनाच्या पोटात घातली आणि टॅपेट वर दाबून धरले. ऑइल कोपरापर्यंत ओघळलं. पावसाचे थेंब पाठीवर पडत होते. बोटं बधिर झाली, तरी तिनं हलवली नाहीत.

"बस... बस... आला. सोडा."

शाफ्टच्या चाकावरचा ठिपका आणि इंजिनातल्या लहान चाकावरचा ठिपका समोरासमोर आला की काम जमतं. पण नांदेडच्या शाफ्टवर झिजलेल्या दोन खुणा दिसत होत्या. मिस्त्रींनी चष्मा पुसला, नखानं खरवडलं, "दोन खुणा हायती की," म्हणाले आणि त्यातली एक धरली. हातानं इंजिन दोन वेढे फिरवून बघितलं. कुठं अडलं नाही. झाकण लावलं, ऑइल भरलं, व्हॉल्वची फट मोजली. दुपार कलली होती.

जगदेवीनं दोरी गुंडाळली आणि ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन पेटलं. पेटलं, पण हवेच्या नळीतून उलटं खोकत, फुसफुस करत. मिस्त्रींनी डिझेलचा पेच फिरवला, फट पुन्हा बघितली. फरक नाही. ते डोकं खाजवायला लागले. "शाफ्टच खराब दिला की काय," असं पुटपुटले. जगदेवीनं इंजिनाच्या झाकणाकडं बघितलं. आपणच निवडलेला.

"एक दात मागं हाय."

दोघांनी वळून बघितलं. मलप्पा अजूनही भिंतीकडंच तोंड करून पडला होता.

"काय म्हनलाव?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक दात," भिंतीकडून आवाज आला. "मागं बसलाय. पुढं घ्या. दुसरी खूण खरी हाय."

खाजामियांनी इंजिन बंद केलं. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा ऑइल थाळीत, पुन्हा जगदेवीची बोटं इंजिनाच्या पोटात. एक दात पुढं सरकवला. झाकण लावलं. दोरी.

पहिल्याच ओढीला इंजिन लागलं. खणखणाट नव्हता. खालचा, जड ठोका होता. मोठ्या डफावर सावकाश थाप पडावी तसा. अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. जगदेवी दोरी हातात घेऊन उभी राहिली. इंजिन बसवाचंच होतं. आवाज मात्र कुणा परक्याचा. तिचे डोळे भरून आले. तिनं ते दंडाला पुसले, तर गालाला ऑइल लागलं.

खाजामिया मलप्पाजवळ जाऊन बसले. "मलप्पाशेट, तुमचे कान अजून जवान हायती."

मलप्पा वळला. त्यानं उशाचा मेणकागद ओढला, उदगीरचा शाफ्ट त्यावर ठेवला आणि एका हातानं गुंडाळायला लागला. कागद सारखा उलगडत होता. जगदेवी मदतीला पुढं झाली, तर मान हलवून त्यानं नको म्हटलं. गुडघ्याखाली एक टोक दाबलं, दोरा दातात धरला आणि गाठ मारली. पुडकं मिस्त्रींपुढं सरकवलं.

"श्रीशैलला द्या. म्हणावं, कुणाला तरी पळायला लागंल."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून झड लागली होती. साडेपाचला हौद्यात नऊ किटल्या चढल्या. ओढ्याला गुडघाभर पाणी. बसवा पाण्यातून निघाला, चाकांनी चिखल उडवला आणि चढण लागली. जगदेवीनं सवयीनं मूठ पिळली. पण गाडी त्यानं पळेना, तेव्हा तिनं सैल सोडली. आणि मूठ सैल सोडल्यावर बसवा चढायला लागला. ठक... ठक... ठक. माणूस चालतो त्या चालीनं. वळणाला मागचं चाक घसरलं, गाडी तिरकी झाली, शिवकन्या मागून किंचाळली. इंजिनाचा ठोका तेवढा मंद झाला; तुटला नाही. चाकानं खडक धरला. गाडी वर आली.

टेम्पोवाला अजून पोचायचा होता. जगदेवी हौद्याला टेकून उभी राहिली. शिवकन्या रिकाम्या हातांनी चढून वर आली आणि नुसती हसत राहिली.

"अक्का, लई हळू चालते की ओ ही."

"हाव. हळूच चालायची आता."

टेम्पो आला. ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं, किटल्या मोजून घेतल्या आणि "उद्या येतो," एवढंच म्हणाला.

पुढं आठ-दहा दिवस रोज असंच झालं. मलप्पा जेवायला लागला; पण गाडीविषयी त्यानं अवाक्षर काढलं नाही. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पाऊस उघडला. दूध देऊन जगदेवी परत आली, बसवा अंगणात लावला, तर मलप्पा काठी टेकून उंबऱ्यात उभा. धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती.

"मला बसव," तो म्हणाला.

"मागं पोतं टाकते थांबा."

"मागं न्हाई."

जगदेवीला कळलं. तिनं त्याला काखेत धरलं, लुळा पाय हातानं उचलून आत ठेवला. ड्रायव्हरची जागा एका माणसाची. ती डावीकडं सरकून अर्ध्या मांडीवर बसली, तो उजवीकडं. खांदा खांद्याला भिडला. क्लच आणि गेर डाव्या मुठीत, डिझेल उजव्या. डावी मूठ तिनं धरली. उजवी त्यानं.

शिवकन्यानं दोरी ओढून दिली. इंजिन लागलं. जगदेवीनं गेर टाकला, क्लच सोडायला लागली आणि मलप्पानं मूठ दिली. गाडीनं हिसका खाल्ला.

"हळू की ओ!"

"तू आधी सोडलीस."

दुसऱ्यांदा जमलं. गावातून निघाले तशी माणसं दारात आली. कुणीतरी हसलं, कुणीतरी "मलप्पाशेट!" म्हणून हाक मारली. मलप्पाचं लक्ष नव्हतं. काळ्या रानात सोयाबीन कमरेला आलं होतं. ओढा ओलांडला. चढणीच्या तोंडाला त्यानं जुन्या सवयीनं मूठ पार पिळली. इंजिन नुसतं गुरगुरलं.

"तसं न्हाई," जगदेवी म्हणाली. "सैल सोडा. सोडा म्हणते ना. तिला तिच्या चालीनं जाऊ द्या."

मलप्पानं मूठ सैल केली. बसवा पावलापावलानं चढायला लागला. वळण आलं. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो डोळे मिटून बसला होता. ती घाबरली.

"आवं, वाटंकडं बघा."

"तू बघ," मलप्पा म्हणाला. "मी ऐकून राहिलो."